चिनी पोर्सलीन जुनं की नवं: आधी बूड पाहा, ठसा सर्वांत शेवटी

घरातली किंवा बाजारात दिसलेली एखादी चिनी फुलदाणी, बशी, वाडगा जुना आहे का, असं विचारणारे लोक जवळजवळ नेहमी एकच फोटो पाठवतात: बुडाखालच्या चिनी अक्षरांचा. सोबत प्रश्न असतो, "यावर कांगशी बादशहाचं नाव आहे, म्हणजे ही तीनशे वर्षांपूर्वीची ना?"

चूक इथेच होते. चिनी कुंभार जुन्या बादशहांची नावं नव्या भांड्यांवर शतकानुशतकं लिहीत आले आहेत. कांगशीच्या काळात (1662 ते 1722) त्याच्या आधीच्या मिंग घराण्यातल्या चंगह्वा आणि श्वांद या बादशहांची नावं घातली जात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कांगशीचं नाव घातलं जाऊ लागलं. आज जिंगडेझेनमध्ये, म्हणजे चीनमधल्या पोर्सलीनच्या मुख्य गावात, सगळ्यांचीच नावं लिहिली जातात. तेव्हा भांड्याचं वय ठरवताना ठसा, म्हणजे बुडाखालची ही अक्षरं, हा सर्वांत दुबळा पुरावा आहे. तो आधी पाहिला की मन त्या काळावर चिकटतं, आणि पुढची प्रत्येक खूण आपण त्या काळात बसवू लागतो. म्हणून खालचा क्रम पाळा. पहिल्याच टप्प्यावर ठशावर कागदाचा तुकडा ठेवून तो झाका, असं मी अगदी मनापासून सांगते.

हा लेख मुख्यतः दोन प्रकारांसाठी आहे. एक, पांढऱ्यावर निळं काम. दुसरा, कँटन या दक्षिण चीनमधल्या बंदराचं गुलाबी-हिरवं रंगकाम. मुंबई, पुणे, गोव्यातल्या जुन्या घरांत हेच दोन जास्त सापडतात. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात चिनी माल उतरत होता, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईतले पारशी व्यापारी कँटनशी थेट व्यापार करत होते. त्यामुळे खरी वस्तू इथे असण्याला आधार आहे. मात्र ते कारण विक्रेत्यालाही ठाऊक असतं.

टप्पा 1: तयारी

टेबलावर जाड टॉवेल दुहेरी घडी करून पसरा. हातातल्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोजे घालू नका, गुळगुळीत झिलईवर (भांड्यावरच्या काचेसारख्या थरावर) कापडी मोजा सटकतो.

जवळ घ्यायच्या वस्तू: दहापट दाखवणारं भिंग (सोनार वापरतात तसलं), जमल्यास तीसपट दाखवणारं दुसरं, छोटी पण झोतदार टॉर्च, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, मोजपट्टी, पांढरा कागद, कापसाच्या काड्या, वही. अतिनील प्रकाशाची टॉर्च असेल तर उत्तम. नोटा तपासायला मिळते ती साधी टॉर्चही चालते. तिच्या झोताकडे थेट बघू नका.

खिडकीजवळचा दिवसाचा उजेड घ्या, थेट ऊन नको. पिवळ्या बल्बखाली निळा रंग पाहून कधीही मत बनवू नका.

झाकण असेल तर ते आधी वेगळं काढून ठेवा. भांडं दोन्ही हातांनी उचला, एक हात बुडाखाली. कान, दांडी, तोटी किंवा काठ धरून उचलायचं नाही. जुनी दुरुस्ती नेमकी तिथेच असते आणि नेमकी तिथेच सुटते.

सावधान: तपासणी संपेपर्यंत भांडं धुऊ नका. चिंच, लिंबू, ब्लीच, घासणी काहीच लावू नका. मळ कुठे बसलाय आणि कसा बसलाय, हा पुरावा आहे. घरातल्या मंडळींनी दिवाळीच्या साफसफाईत चकचकीत केलेली वस्तू तपासणं फार कठीण जातं, आणि घासणीने सोनेरी मुलामा निघाला तर तो कायमचा गेला.

टप्पा 2: हे पोर्सलीन आहे का, तेवढं आधी ठरवा

मराठीत आपण लोणच्याच्या बरणीलाही चिनी माती म्हणतो आणि चहाच्या कपालाही. पण तपकिरी-पांढरी लोणच्याची बरणी म्हणजे स्टोनवेअर, पोर्सलीन नव्हे. तिच्यातून उजेड पार होत नाही आणि तुटलेल्या जागी माती राखाडी किंवा पिवळसर, दाणेदार दिसते.

खोलीत अंधार करा आणि बशीच्या मागे टॉर्च धरा. पुढून बोटं फिरवली की त्यांची सावली दिसली पाहिजे. फुलदाणी जाड असेल तर काठाजवळ पाहा. चिनी पोर्सलीनमधून येणारा उजेड बहुधा थोडा निळसर, हिरवट किंवा राखाडी असतो. उजेड कोमट, दुधाच्या सायीसारखा असेल तर इंग्लिश बोन चायना असण्याची शक्यता जास्त. टवका उडालेला असेल तर तिथली माती पाहा: पोर्सलीनची तूट साखरेच्या खड्यासारखी घट्ट आणि बारीक असते, त्यात पाणी शोषलं जात नाही.

नखाने टिचकी मारून घंटेसारखा आवाज आला की "अस्सल जुनं" असं बरेच जण सांगतात. तो आवाज वयाबद्दल काहीही सांगत नाही. कालच भट्टीतून निघालेला कपही तसाच वाजतो. टिचकीचा उपयोग एवढाच की आवाज बसका, फुटका आला तर कुठेतरी तडा किंवा दुरुस्ती आहे.

टप्पा 3: बूड

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. नकल करणारा चित्रावर महिनाभर मेहनत घेतो, बुडावर तेवढी घेत नाही. शिवाय बुडाच्या कड्यावर (भांडं ज्यावर टेकतं त्या गोल कडीवर) झिलई नसते, त्यामुळे उघडी माती फक्त तिथेच बघायला मिळते.

भांडं टॉवेलवर पालथं घाला. ठसा झाकलेलाच असू द्या. आता या क्रमाने पाहा.

पहिलं, कड्याची माती. भिंगाखाली ती बारीक, दाट, किंचित चिकण दिसते. अनामिकेने कड्यावरून हळू फिरवा. शंभर-दीडशे वर्षं कपाटात, टेबलावर सरकलेलं कडं हाताला मऊ लागतं, धुतलेल्या नदीच्या गोट्यासारखं. नव्या भांड्याचं कडं कोरडं, खरखरीत लागतं, नाहीतर मशीनवर घासून एकसारखं गुळगुळीत केलेलं असतं.

दुसरं, झिलई जिथे संपते ती रेघ. जुन्या भांड्यांत या रेघेला लागून बरेचदा नारिंगी-तपकिरी छटा दिसते. मातीतलं लोह भट्टीत तापून तिथे रंग धरतं. ती छटा कुठे गडद, कुठे फिकी, कुठे गायब अशी असते आणि मातीच्या आतून आलेली वाटते. नकलेत तीच छटा ब्रशने लावतात: चहा, पोटॅशियम परमँगनेट, बुटाचं पॉलिश, लोहाचं पाणी. लावलेला रंग एकसारखा पसरतो आणि खड्ड्यांमध्ये साचतो.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकले. एका बाजारात निळ्या कामाची बशी घेतली. बुडाचं कडं छान तपकिरी, अगदी पुस्तकात असतं तसं. घरी येऊन भिंग लावलं तेव्हा दिसलं की कड्याच्या ज्या टोकावर बशी टेकते, तेच टोक सर्वांत गडद आहे. वास्तविक टेकणारी जागा रोज घासली जाते, तिथला रंग आधी विरळ व्हायला हवा. ओल्या कापसाची काडी फिरवली. काडीचं टोक चहाच्या रंगाचं झालं आणि खाली खडूसारखी पांढरी, कोरी माती उघडी पडली. दुकानात एक मिनिट जास्त थांबले असते तर कळलं असतं. तेव्हापासून बुडाला दहा मिनिटं देते, मग दुकानदार कितीही घाई करो.

तिसरं, चाकावरच्या आणि सुरीच्या खुणा. मिंग काळाच्या अखेरीस युरोपसाठी बनलेल्या पातळ निळ्या थाळ्यांच्या बुडावर मध्यापासून बाहेर जाणाऱ्या बारीक किरणांसारख्या रेघा असतात. चाकावर बूड तासताना सुरी थरथरली त्याच्या त्या खुणा. कड्याला भट्टीतली वाळूही चिकटलेली असते. ती झिलईत वितळून बसलेली हवी. नखाने टोकरल्यावर सुटणारी वाळू गोंदाने लावलेली असते. कांगशी काळातल्या काही मोठ्या थाळ्यांना दुहेरी, मध्ये खाच असलेलं कडं असतं. योंगझेंग (1723 ते 1735) आणि च्येनलोंग (1736 ते 1795) काळातल्या राजेशाही भट्टीच्या कामात कडं गोलाकार आणि फार नेटकं फिनिश केलेलं असतं. म्हणजे ओबडधोबड बूड म्हणून जुनं, हा नियम चुकीचा आहे. ते ज्या काळाचं असल्याचं सांगितलं जातंय, त्या काळाच्या पद्धतीशी बूड जुळतं का, हा खरा प्रश्न.

चौथं, बुडाच्या झिलईवर छोटे टोकदार ठिपके आहेत का? तीन, चार किंवा पाच, नियमित अंतरावर. भट्टीत बूड खचू नये म्हणून खाली मातीचे छोटे खुंट लावत, त्यांच्या त्या खुणा. ही पद्धत जपानमधल्या आरिता या पोर्सलीनच्या गावाची. चिनी भांड्यांत ती सहसा दिसत नाही. त्यामुळे "मिंग" म्हणून आलेली पुष्कळ थाळी प्रत्यक्षात जपानी निघते. ती जुनी असू शकते, चांगलीही असू शकते, फक्त चिनी नाही.

पडताळा: इथपर्यंत वहीत चार ओळी लिहून ठेवा: कड्याचा स्पर्श, मातीचा रंग, झिलईच्या रेघेचा रंग, खुणा. अंदाजाने काळही लिहा. ठसा अजून बघायचा नाही.

टप्पा 4: भांडं घडवलंय कसं

फुलदाणीत हात जात असेल तर आतून बोटं फिरवा. मोठी जुनी फुलदाणी चाकावर दोन-तीन भागांत घडवून ओल्या मातीने जोडत. जोडाच्या जागी आतून आडवा उंचवटा किंवा किंचित खोलगट पट्टा लागतो. बाहेरून तो घासून टाकलेला असतो, तरी टॉर्च बाजूने तिरकी धरली की पोटावर हलकी लाट दिसते.

साच्यात पातळ माती ओतून बनवलेल्या भांड्याचं आतलं अंग वेगळंच असतं. बाहेर फुगवटा तर आत तेवढाच खोलगटपणा, बाहेर खाच तर आत उंचवटा, भिंतीची जाडी वरपासून खालपर्यंत सारखी. अशी ओतीव पद्धत चीनमध्ये विसाव्या शतकात रुळली. त्यामुळे "च्येनलोंग" म्हणून सांगितलेल्या गोल फुलदाणीत हे दिसलं तर पुढे फार शोधायची गरज उरत नाही. मात्र चौकोनी बाटल्या, मूर्ती, नक्षीदार कान हे जुन्या काळीही साच्यात माती दाबून करत. तिथे हा नियम लावू नका.

वजन करा, पण वजनाचा एकच आकडा शोधू नका. हातात धरून तोल पाहा. चाकावरची वाटी बुडाकडे जड आणि काठाकडे हलकी होत जाते. ओतीव वाटीचं वजन सगळीकडे सारखं वाटतं. हा फरक सुरुवातीला कळत नाही. वीस-पंचवीस वाट्या हाताळल्या की हाताला आपोआप कळू लागतो.

टप्पा 5: झिलई आणि काठ

जुनी झिलई क्वचितच दुधासारखी पांढरी असते. तिच्यात निळसर-हिरवट झाक असते, आणि कड्याच्या आतल्या कोपऱ्यात, कानाच्या खाली ती साचून जास्त हिरवट दिसते. काळे-तपकिरी लोहाचे बारीक ठिपके, सुईच्या टोकाएवढी छिद्रं, भट्टीतली राख चिकटलेली जागा हे निर्यातीच्या मालात नेहमीचं.

भिंगाखाली झिलईतले बुडबुडे पाहा. लाकडावर चालणाऱ्या जुन्या भट्ट्यांत उष्णता कमी-जास्त होई, त्यामुळे लहान-मोठे बुडबुडे मिसळलेले दिसतात. गॅसच्या भट्टीत ते बहुधा बारीक आणि एकसारखे असतात. बरेच लोक एवढ्यावर निकाल देतात. देऊ नका. आज जिंगडेझेनमध्ये लाकडाच्या भट्ट्या मुद्दाम लावून नकला भाजल्या जातात. बुडबुडे हा पूरक पुरावा, निर्णायक नव्हे.

चमक पाहताना भांडं उजेडात हळू फिरवा. नवी झिलई काचेसारखी डोळ्यात येते. ती मारण्यासाठी नकलकार हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरतात. ॲसिडने मेलेली चमक अंड्याच्या टरफलासारखी सगळीकडे सारखी मंद असते, अगदी कानाच्या मागे आणि कड्याच्या आतही, जिथे कुणाचा हात कधी लागत नाही. भिंगाखाली पृष्ठभाग बारीक खड्ड्यांनी भरलेला दिसतो. वरून तेल चोळलेलं असेल तर बोटाला तेलकट लागतं.

आता काठ. सतराव्या शतकातल्या निळ्या कामाच्या काठावरची झिलई ठिकठिकाणी बारीक टवक्यांनी उडालेली असते, कीड लागल्यासारखी. माती आणि झिलई थंड होताना वेगवेगळ्या आकसतात म्हणून हे होतं. खऱ्या टवक्याच्या कडा वर्षानुवर्षांच्या वापराने बोथट झालेल्या असतात आणि आतली माती मळकी असते. मुद्दाम पाडलेल्या टवक्याची कड धारदार, आत पांढरी शुभ्र माती. त्यात मळ भरलेला असला तर ओल्या काडीने निघतो.

सावधान: "जहाज बुडालं होतं, समुद्रातून काढलेला माल" असं सांगून विकल्या जाणाऱ्या वस्तूंना दुप्पट वेळ द्या. असे खरे साठे आहेत. 1752 मध्ये बुडालेल्या गेल्डरमाल्सेन या डच जहाजातला माल 1986 मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये लिलावात निघाला, आणि 1822 मध्ये बुडालेल्या टेक सिंग जहाजातला 2000 मध्ये श्टुटगार्टमध्ये. त्यांची लेबलं आणि प्रमाणपत्रंही फिरत असतात, आणि एका वाटीचा कागद दुसऱ्या वाटीसोबत सहज येतो. समुद्रात पडून राहिलेल्या भांड्याची चमक एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी गेलेली असते, कारण ते वाळूत अर्धं रुतलेलं असतं. शिंपले चिकटलेले असतील तर अतिनील टॉर्च मारा. सांध्यात निळसर-पांढरं चमकलं तर तो गोंद.

टप्पा 6: रंग

निळा आधी. कोबाल्टचा रंग झिलईच्या खाली असतो, त्यामुळे बोट फिरवल्यावर काहीही जाणवत नाही. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या निळ्यात गडद जागी काळपट ठिपके असतात, जे झिलईत खोल रुतलेले आणि तिरक्या उजेडात शिशासारखे चमकणारे दिसतात. नकलकार हेच ठिपके ब्रशच्या टोकाने मुद्दाम देतात. मग ते रेघेच्या जाडीशी संबंध न ठेवता, ठराविक अंतराने, ओळीत मोजून टाकल्यासारखे येतात. खऱ्या कामात रंग जिथे जाड साचला तिथेच ठिपका असतो.

कांगशीच्या चांगल्या कामात एकाच निळ्याच्या चार-पाच छटा पाण्याच्या वॉशसारख्या एकावर एक दिलेल्या असतात. डोंगराची एक कडा पाहा: गडद, मग फिकी, मग जवळजवळ पांढरी, आणि ब्रश कुठे उचलला ते कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक कोबाल्ट आला. तो जांभळट आणि सपाट दिसतो. "कांगशी" म्हणून आणलेल्या झाकणाच्या बरण्यांवर असा जांभळट निळा मी कितीतरी वेळा पाहिला आहे.

रेघेची चाल पाहा. ज्या माणसाने तेच कमळ हजारदा काढलंय, त्याची रेघ थांबत नाही. वेगात जाते आणि टोकाला निमुळती होते. चित्र समोर ठेवून उतरवणाऱ्याची रेघ मध्ये थबकते, तिथे रंगाचा ठिपका साचतो. भिंगाखाली हे अगदी स्वच्छ दिसतं. सगळी रेघ बारीक ठिपक्यांच्या जाळीची बनलेली असेल तर ते छापून चिकटवलेलं चित्र आहे, पुढचा तपास थांबवा.

आता झिलईवरचे रंग. हे बोटाला किंचित उंच लागतात. गुलाबी रंग चिनी भांड्यांवर साधारण 1720 च्या दशकापासून येतो. मिंग घराणं तर त्याच्या कितीतरी आधी संपलं होतं, तेव्हा गुलाबी फूल असलेली "मिंग" बशी असू शकत नाही. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी बरेच पैसे वाचतील. जुन्या रंगांभोवती, विशेषतः निळ्या आणि हिरव्याभोवती, तिरक्या उजेडात शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी सप्तरंगी आभा दिसते. ती आहे म्हणजे जुनं असं म्हणू नका, ती रसायनांनी आणता येते. पण बऱ्याच जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या रंगांवर ती कुठेच नसेल तर शंका घ्या.

कँटनच्या थाळ्यांवर माणसांचे आणि फुला-पाखरांचे चौकोन आळीपाळीने असतात. नव्यात बाह्यरेषा छापून आतला रंग हाताने भरलेला असतो. दोन चौकोनांतले चेहरे शेजारी ठेवून पाहा. भुवई, ओठ, मान हुबेहूब एकाच ठिकाणी आले तर छाप. सोनेरी रंग जुन्यात मधासारखा आणि हात लागतो तिथे झिजलेला असतो. नव्यात पितळी, झगझगीत, काठभर अखंड.

टप्पा 7: झीज तर्काला धरून आहे का

भांडं कसं वापरलं जात असेल ते डोळ्यांसमोर आणा. थाळीत चमचे-सुऱ्या फिरतात, म्हणून मधोमध चरे असणार आणि ते सगळ्या दिशांनी एकमेकांना छेदणार, काही खोल, काही पुसट. थाळ्या एकावर एक रचतात, म्हणून वरच्या थाळीच्या कड्याचा गोल वण खालच्या थाळीच्या रंगावर उमटणार. फुलदाणी कपाटात उभी असते, तिच्या पोटावर चरे कशाला येतील?

सँडपेपरने घासलेले चरे एका दिशेने, समांतर, सारख्या खोलीचे असतात. चरे रंगावर आहेत आणि शेजारच्या कोऱ्या झिलईवर नाहीत, किंवा उलट, असं दिसलं तरी थांबा.

पडताळा: बूड, घडण, झिलई, रंग, झीज हे पाचही एकाच काळाकडे बोट दाखवतात का? चार म्हणतात अठरावं शतक आणि एक म्हणतो विसावं, तर बहुमत चालत नाही. त्या एकाचं ऐका. जुन्या मातीवर नवा रंग चढवण्याची, जुन्या तुटक्या बुडावर नवं अंग जोडण्याची कामं होतात. पांढऱ्या साध्या जुन्या वाटीवर रंगकाम करून किंमत वाढवणं तर फार सोपं आहे.

टप्पा 8: आता ठसा उघडा

सहा अक्षरांचा ठसा बहुधा दोन उभ्या ओळींत असतो. उजवीकडच्या ओळीपासून, वरून खाली वाचायचा: पहिली दोन अक्षरं घराण्याची (महान मिंग, किंवा त्यानंतरचं कांगशीचं घराणं महान चिंग), पुढची दोन बादशहाच्या कारकिर्दीची, शेवटच्या दोनांचा अर्थ "या काळात बनवलं". चार अक्षरांच्या ठशात घराणं गाळलेलं असतं. च्येनलोंगपासून चौकोनी, मोहरेसारख्या वळणाचा ठसा जास्त दिसतो.

काही उपयोगी गोष्टी. 1677 मध्ये जिंगडेझेनमधल्या अधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाचं नाव लिहायला मनाई केली होती, म्हणून त्या सुमाराच्या चांगल्या निर्यात मालावर नुसतं पान, फूल किंवा रिकामी दुहेरी वर्तुळं असतात. ठसा नसणं ही उणीव नव्हे. चार अक्षरांचा कांगशी ठसा निळ्या बरण्यांवर दिसला तर बहुतेक वेळा तो ग्वांगशू बादशहाच्या काळातला (1875 ते 1908) किंवा नंतरचा असतो. चीनने सोपी केलेली अक्षरं 1956 मध्ये आणली, त्यामुळे ठशात ती असतील तर वस्तू त्यानंतरची.

इंग्रजीत "चायना" असा शिक्का असेल तर वस्तू साधारणपणे 1891 नंतरची धरा. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर तेव्हापासून देशाचं नाव घालणं बंधनकारक झालं. "मेड इन चायना" त्याहून नंतरचं. उलट मात्र खरं नाही. भारतात आलेल्या मालाला तो कायदा लागू नव्हता, म्हणून शिक्का नाही एवढ्यावरून वस्तू 1891 च्या आधीची ठरत नाही. बुडावर जिथे शिक्का असायचा तिथे झिलई घासलेली, मंद दिसते का, तेही पाहा. तो पुसून टाकलेला असू शकतो.

लिलावाच्या यादीतले शब्द काळजीपूर्वक वाचा. "कांगशी मार्क अँड पीरियड" म्हणजे ठसाही कांगशी आणि वस्तूही त्याच काळातली, असं ते सांगतायत. नुसतं "कांगशी मार्क" म्हणजे फक्त ठसा तसा आहे. या दोन शब्दगटांत किमतीचा जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि घाईत वाचणारा नेमका इथे फसतो.

टप्पा 9: दुरुस्ती शोधा

अंधारात अतिनील टॉर्च काठ, कान, तोटी, मान यांवरून हळू फिरवा. नवा रंग, राळ किंवा गोंद बाकीच्या झिलईपेक्षा वेगळा चमकतो. दिवसा तीच जागा भिंगाखाली किंचित मऊ, प्लॅस्टिकसारखी दिसते आणि ओठाला लावली तर पोर्सलीनइतकी गार लागत नाही. दुरुस्ती असणं वाईट नाही, उलट जुन्या वस्तूत ती अपेक्षितच आहे. मागच्या बाजूला धातूच्या पिना मारून जोडलेली बशी दिसली तर आनंदाने पाहा. कुणीतरी ती इतकी जपली की फुटल्यावर टाकली नाही. फक्त दुरुस्ती लपवून अखंड वस्तूची किंमत मागितली जात नाही ना, ते बघा.

टप्पा 10: निर्णय आणि पुढचं काम

शंका राहिली तर विकत घेऊ नका. स्वतःच्या घरातली वस्तू असेल तर बूड सरळ वरून, कडं तिरक्या उजेडात, आतली बाजू, काठ, चित्राचा एक भाग जवळून, आणि शेवटी ठसा, अशा सहा फोटोंसह मोजमाप आणि वजन लिहून जाणकाराला दाखवा. दुरून विकत घेताना विक्रेत्याकडूनही हेच सहा फोटो मागा. बुडाचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी व्यवहार नको.

प्रयोगशाळेत दोन मार्ग आहेत. क्ष-किरणांनी रंग आणि झिलईतली मूलद्रव्यं पाहतात. यात वस्तूला धक्का लागत नाही. दुसरी थर्मोल्युमिनेसन्स चाचणी, यात बुडातून नमुना कोरून शेवटची भाजणी कधी झाली याचा अंदाज घेतात. पोर्सलीनवर ती मातीच्या भांड्यांइतकी सोपी नाही, शिवाय बूड जुनं आणि अंग नवं असेल तर नमुना बुडाचंच वय सांगेल. नमुना कुठून घेणार ते आधी विचारा. वस्तूची किंमत चाचणीच्या खर्चाच्या कितीतरी पट असेल तरच या वाटेला जा.

हाताला आणि डोळ्याला सवय लावण्यासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी आणि जपानी दालन आहे, त्यातला बराच संग्रह सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्याकडून आलेला. काचेतून बूड दिसत नाही, पण निळ्याच्या छटा आणि झिलईची झाक तिथे डोळ्यांत साठवता येते. त्यासोबत एक फुटकी, पण खात्रीची जुनी बशी स्वस्तात मिळाली तर घेऊन ठेवा. तुटलेल्या जागी माती उघडी असते, त्यामुळे शिकायला अखंड बशीपेक्षा ती जास्त कामाची. नवीन काही हातात आलं की ती शेजारी ठेवून दोन्ही बुडं एकदम पाहा.

सावधान: शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाला किंवा मुलीला आजीची फुलदाणी पाठवण्याआधी हे नीट समजून घ्या. वस्तू नवी आहे असं तुम्हाला वाटत असलं तरी विमानतळावर तुमच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही. ती पुरावस्तू नाही असं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र आधी घ्यावं लागतं. ते हातात येईपर्यंत फुलदाणी बॅगेत भरू नका.